ओळखीचा पीळ

६ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मी खुशाल आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पोट बरे आहे, डोके ठिकाणावर नाही.

कारखान्यात नवा कारागीर आला आहे. मान लांब, कान मोठे, आणि आमच्या मागच्या बुटक्या दारात रोज कपाळ आपटून घेतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात जिराफ म्हणतो. मी इथे चार वर्षे वेताच्या खुर्च्या विणतो आहे. त्याला येऊन महिनाही झाला नाही, तर तो सगळ्यांचा लाडका! चहावाली त्याचा कप काठोकाठ भरते आणि माझा मापून. पॉलिशवाले काका माझ्याशी 'सरक' याखेरीज बोलत नाहीत. त्याला मात्र आपल्या गुडघ्याचे दुखणे पहिल्यापासून सांगतात. हा दिवसभर शीळ घालतो. काल मालकांनी त्याने विणलेली बैठक सगळ्यांसमोर तळहाताने दाबून पाहिली आणि म्हणाले, विणावे तर असे. म्हणताना त्यांनी नेमके माझ्याकडेच पाहिले.

तुला ठाऊक आहे की थोरले कारागीर काम सोडून घरी बसल्यापासून खिडकीजवळची जागा रिकामी आहे. उजेड तिथे चांगला येतो आणि तिथे बसतो तो मुख्य कारागीर. ती जागा माझीच, असे मी धरून चाललो होतो. मालक पहिल्या तारखेला ठरवणार आहेत. मला भूक लागेनाशी झाली आहे.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला मात्र जातो. मास्तरांनी या आठवड्यात 'रेकग्नाइज' हे क्रियापद घेतले. त्याचे स्पेलिंग दोन प्रकारे चालते, हे मला आवडले नाही. काय ते एक ठरवून टाकायला हवे होते. अर्थ मात्र तीन आहेत. पहिला, पूर्वी पाहिलेले माणूस किंवा वस्तू पुन्हा दिसल्यावर ओळखणे. नव्याने ओळख करून घेण्याला ते चालत नाही. वर्गातल्या शिंप्याने 'मला तुमच्या भावाला रेकग्नाइज करायचे आहे' असे लिहिले, तेव्हा मास्तर म्हणाले की अरे, आधी एकदा भेट तरी. दुसरा अर्थ, एखादी गोष्ट मनाविरुद्ध असली तरी आहे हे मान्य करणे. तिसरा, कोणाच्या कामाची कदर करणे. प्रत्येकाचे एक वाक्य लिहायचे होते. तिसऱ्याचे मला लगेच सुचले: माझे मालक माझ्या कामाची कदर करीत नाहीत. मास्तर म्हणाले, वाक्य शुद्ध आहे, पण तुझी तब्येत बरी आहे ना? बाकीची दोन अजून सुचलेली नाहीत.

लोभ आहेच, तो असाच असावा. वाटेकरी नसावा.

तुझा धाकटा


१३ जून

चि. कानामात्रा यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. एवढा जळफळाट आणि त्यात एकही वेलांटी चुकलेली नाही, हे तुलाच जमतं. माझ्या पत्रात शाई फिसकटलेली दिसली तर नाक मुरडू नकोस. डावखुऱ्या माणसाचा हात आपण लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो, त्याला मी तरी काय करू?

दवाखान्यात साथीची गर्दी आहे. खिडकीपाशी बसून मी नावं लिहिते. डॉक्टरीणबाई लोकांवर चिडतात, लोक माझ्यावर चिडतात, आणि मी घरी येऊन कुकरवर चिडते. बाकी बरं आहे.

कुणाला जिराफ म्हणू नये रे. रोज कपाळ आपटतं म्हणजे लागत असेल की नाही त्याला? दाराच्या वरच्या चौकटीला जाडशी चिंधी बांध, तुझी काही बोटं झिजणार नाहीत. जेवतो कुठे तो? शीळ घालतो तर घालू दे. बेसूर असली तरी मन लावून घालतो बिचारा. परक्या गावात एकटा आहे, कधी तू होऊन दोन शब्द बोललास तर तुझं काय जाईल?

खिडकी तुला मिळाली तर मला आनंदच आहे. नाही मिळाली तरी जेवायचं सोडू नकोस.

लोभाची काळजी नको. तो तुझ्या जन्मापासून तुझ्याच नावावर आहे.

तुझी ताई


२४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाराला चिंधी बांधली. केवळ तू सांगितलेस म्हणून. जिराफाला इतका आनंद झाला की तो मला मिठी मारायला आला. मी घाईघाईने वेत भिजवायला निघून गेलो. त्याची शीळ बेसूर आहे, हे मी लिहिले नव्हते. पण तू अंदाज बरोबर बांधलास.

आता जे लिहितो ते बसून वाच.

दुपारी तो चहाला गेला असताना मी त्याची खुर्ची उलटी करून पाहिली. दुसऱ्याचे काम असे चोरून पाहू नये, हे मला कळते. पण मालक त्यात एवढे काय पाहतात, ते मला पाहायचे होते. बहुतेक कारागीर शेवटची पट्टी भोकातून खाली ओढतात, गाठ मारतात आणि टोक कापतात. पुढे ते टोक लोकांच्या कपड्यात अडकते. बाबा टोक कापत नसत. पट्टीला एक पीळ देऊन ते ती चौकटीखालून परत वर आणत आणि विणीतच लपवून टाकत. कोणाच्याही कामात मी हे आजवर पाहिलेले नाही. जिराफाच्या खुर्चीत ते आहे.

ताई, मला बाबांनी ते शिकवले नाही. मी जवळ जाऊन बसलो की ते म्हणत, तुझे हात पुस्तकाला लाव. ते गेले, माझी शाळा नववीत सुटली, आणि मग मी आपल्या घरातली जुनी खुर्ची उसवून, पुन्हा विणून, पुन्हा उसवून तो पीळ शिकलो. आणि या माणसाला तो आयता मिळाला!

एक गोष्ट मात्र आहे. त्याचा पीळ उलटा आहे. बाबांचा उजवीकडे फिरे, याचा डावीकडे फिरतो. तो जेवतो उजव्या हाताने, कात्री धरतो उजव्या हाताने, पण शेवटचा पीळ द्यायची वेळ आली की पट्टी डाव्या हातात घेतो. म्हणजे शिकला तोही अर्धवट. हे पाहून मला बरे वाटले. कोणापुढे तरी खरे बोलावे म्हणून तुला लिहिले.

मी त्याला विचारले, हे कुठे शिकलास? त्याचे कान लाल झाले. म्हणाला, शिकवणाऱ्याने आत्ताच सांगू नको म्हटले आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात नको ते येते. बाबा कामासाठी महिनोन् महिने बाहेरगावी राहत. तिथे त्यांचे दुसरे कोणी होते का? हा कोणाचा मुलगा आहे? मला हे लिहायचीही लाज वाटते, पण मी आरशात माझे कान पाहिले.

मालकांनी काल मला बाजूला घेतले. ते म्हणाले की काम कुठे शिकला हे जो सांगत नाही, त्याला खिडकीत बसवायचा आणि कामावर ठेवायचा त्यांना धीर होत नाही. तुझे वडील याच कामातले, तर तू नीट पाहून पहिल्या तारखेला सांग, हा हात कोणाचा आहे. म्हणजे आता सगळे माझ्या जिभेवर आहे. मी सांगणार आहे की ही आमच्या घरची वीण आहे आणि ती चोरीला गेली आहे.

पहिल्या अर्थाचे वाक्यही सुचले. दुसऱ्याच्या खुर्चीत मी माझ्या वडिलांचा हात ओळखला. मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवले. मला एरवी आनंद झाला असता.

लोभ मोजून ठेव. कोणी नेत तर नाही ना, पाहा.

तुझा धाकटा


२८ जून

चि. कानामात्रा यास अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. दोन कागद फाडले, हा तिसरा.

बाबांवर असला संशय घेऊ नकोस. बाहेरगावी असताना ते शेजारच्या दुकानातून फोन करायचे आणि आधी तुझा अभ्यास विचारायचे, मग माझी खुशाली. कानांचं म्हणशील तर तुझे कान आईचे आहेत.

त्या माणसाने काही चोरलेलं नाही. एवढं माझ्या शब्दावर धर. बाकीचं मी रविवारी सविस्तर लिहिते. मला ते नीट शब्दांत मांडता यायला हवं आणि मी काही तुझ्यासारखी लिहिणारी नाही. तोवर मालकांपुढे तोंड उघडू नकोस. माझ्यासाठी.

तुझी ताई


२ जुलै

ताईस,

साष्टांग नमस्कार लिहितो, कारण तू मोठी आहेस. बाकी काही लिहायची इच्छा नाही.

तुझे पत्र आज आले. पहिली तारीख काल झाली.

काल सकाळी मालकांनी मला खोलीत बोलावले. जिराफ बाहेर उभा होता. दाराच्या काचेतून त्याचा फक्त गळा दिसत होता. मी मालकांना म्हणालो की ही वीण माझ्या वडिलांची आहे, पण ज्याने उचलली त्याला ती पुरती उचलता आली नाही. ते म्हणाले, तोंडाने नको, करून दाखव. त्याची अर्धी विणलेली खुर्ची त्यांनी उलटी करून माझ्या मांडीवर दिली.

चूक कशी होते ते दाखवायला मी तो उलटा पीळ देऊ लागलो. उजव्या हाताला जमेना. पट्टी दोनदा निसटली. मालक घड्याळाकडे पाहू लागले, म्हणून मी पट्टी डाव्या हातात घेतली. मनगट आपोआप बाहेर वळले आणि पीळ जागच्या जागी बसला.

ते मनगट मी पाहिले होते. आपल्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, दोन गुडघ्यांत स्टूल धरून तू बसायचीस. मी दप्तर घेऊन दारात उभा असायचो आणि बाबा हसून म्हणायचे, पोरीने माझी वीण आरशात घातली.

मास्तर म्हणाले होते की हे क्रियापद सहसा चालू काळात वापरत नाहीत, कारण ओळख पटते ती एका क्षणात पटते. मला ते त्या खोलीत पटले. शिळेचे पटले, चिंधीचे पटले, 'जेवतो कुठे तो'चे पटले. त्याच्या कानांचा लाल रंगसुद्धा पटला.

मालक म्हणाले, मग हात कोणाचा? मी गप्प बसू शकलो असतो. ओळखत नाही म्हणालो असतो, तर तो कालच सामान बांधून निघाला असता. खरे सांगतो, हे दोन्ही विचार माझ्या मनात येऊन गेले. मग मी म्हणालो की हा हात माझ्या बहिणीचा आहे, हा माणूस आमच्याच घरी शिकला आहे, आणि मी त्याला ओळखतो.

शेवटचे खोटे होते.

खिडकी त्याला मिळाली. त्याची वीण माझ्याहून घट्ट आहे, हे मी पीळ देताना बोटांनी पाहिले होते.

मला एवढेच सांग. मी घरात खुर्ची उसवत बसलो होतो, तेव्हा तू शेजारच्या खोलीत होतीस. मला का नाही शिकवलेस?

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

धाकटा


६ जुलै

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आज चिडवणार नाही.

गेल्या वर्षी तो पाठ धरली म्हणून दवाखान्यात आला. तेव्हा ट्रक चालवायचा. बसायच्या जागेतल्या वेताच्या खुर्च्या फाटल्या होत्या, त्या मी दुपारच्या सुट्टीत विणत होते. त्याचा नंबर येऊन गेला तरी तो बघत बसला. दुसऱ्या दिवशी पाठ बरी असूनही आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर स्टूल टाकून बसला आणि मी करीन तसं करू लागला. मी डाव्या हाताने पीळ देते, म्हणून त्याने पट्टी डाव्या हातात घेतली. उजवीकडूनही देता येतो, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

ट्रक सोडायचाच होता. तुझ्या कारखान्यात जा असं मीच म्हटलं. माझा माणूस म्हणून तो समोर उभा राहिला असता तर तू त्याच्या चहाच्या घोटातही खोट काढली असतीस. म्हटलं, आधी कारागीर म्हणून बघू दे. तुझ्याशी लपवाछपवी केली, आणि त्यालाही ती करायला लावली, हे चुकलं.

तुला का नाही शिकवलं? मी एकदा शेजारी येऊन बसले होते. तू म्हणालास, येतं मला. रडत होतास आणि म्हणालास, येतं मला. मी उठून गेले. आणि आणखी एक, तू लिहिलंस तसं मीही खरं लिहिते. बाबांनी मला विणायला बसवलं आणि तुला दप्तर घेऊन दिलं. तू दारातून माझ्या हाताकडे बघायचास. मी त्या दप्तराकडे बघायचे.

आम्ही लग्न करतो आहोत. तू नाही म्हणालास तरी करू, पण मग नोंदणीच्या वेळी माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करायला परका कुणीतरी येईल. माझं दुसरं आहे कोण?

तुझी ताई


१५ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. येतो. मालकांकडे रजा मागितली आहे. त्यांनी दोघांनाही दिली, आणि चहावालीने या आनंदात त्याचा कप आणखी भरला. माझा मापूनच.

मी त्याच्याशी बोललो. आधी मी सगळे ऐकवून घेतले. त्याने मान खाली घालून ऐकले. ती खाली यायला वेळ लागतो. मग म्हणाला की खिडकी तू घे, मला नको. मी म्हणालो, उपकार नकोत, मी ती घेईन तेव्हा वीण घट्ट करून घेईन. परवा त्याला बाबांचा उजवीकडचा पीळ दाखवला. त्याचा हात काही वळेना, पुन्हा पुन्हा डावीकडेच जातो. शेवटी मीच म्हणालो की राहू दे, खुर्चीत ताईही असू दे.

काल चुकून त्याला दाजी म्हणालो. त्याने इतक्या जोरात वर पाहिले की खिडकीची झडप डोक्याला लागली. आता तिथेही चिंधी बांधली आहे.

दुसऱ्या अर्थाचे वाक्य राहिले होते, ते दिले: हा माझ्या बहिणीचा नवरा होणार, हे मी मान्य करतो. मास्तर म्हणाले, शुद्ध आहे, पण एवढी आनंदाची बातमी अशी कोरडी का लिहिलीस? मी म्हणालो, सध्या एवढीच येते.

लोभ असावा. वाटणी करताना मोठा तुकडा कोणाचा, ते मात्र तू त्याला आधीच सांगून ठेव.

तुझा धाकटा