चार नंबरचा नळ

२० जानेवारी, मंगळवार

लॉजवर चार नंबर खोलीच्या न्हाणीत फरशी पुसताना नळाला हात लागला आन् खांद्यापर्यंत झिणझिण्या! गिझरचं बटण बंद होतं, तरी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी भिंतीत मुरतंय, रंगाचे पोपडे निघालेत. आत वायर ओली झाली असंल. किती तरी वेळ पायरीवर बसून राहिले.

२१ जानेवारी

मालकांना सांगितलं. त्यांनी वहीकडं बोट केलं — "खोलीत काय मोडलं, बिघडलं, ते तिथं लिहायचं. नाव घालून."

ती वही मला चांगली ठाऊक! माझ्या आधी खोल्या झाडायला कमलबाई होती. बेसिनला तडा गेला म्हणून तिनं लिहिलं, तर मालक म्हणले, "पहिल्यांदा तुलाच दिसला, म्हंजी तुझ्याच हातनं गेला." आठ दिवसांत तिचं बोचकं बाहेर. मी कुठं जाऊ? मागची राहायची खोली मालकांचीच. नवरा, मल्हार, ट्रकवर, महिन्यात दोनदा घरी. पोरीची, अक्षदाची, दहावी तोंडावर.

पेन धरलं. लिहिलं न्हाय. भित्री मेली मी!

२३ जानेवारी, शुक्रवार

मालकांनी चार नंबर दिलीच. दर्शनाला आलेलं कुटुंब, कडेवर दोन वर्षांची पोर. "न्हाणी तुंबलीय, पाणी मी देते" म्हटलं आन् बारा बादल्या वर वाहिल्या. जाताना ती बाई म्हणती, "लई माया हाय तुमची." माया कसली! भ्या हाय भ्या.

२४ जानेवारी

रोज बादल्या कोण वाहणार? एक युक्ती केली. सासूबाईंची जोगवा मागायची देवीची परडी माझ्याजवळ हाय. चार नंबरात पाट मांडला, त्यावर परडी, कवड्यांची माळ, दिवा. मालकांना सांगितलं, "आराधीणबाई ठेवून गेली. म्हणली, पुनवेपर्यंत हलवू नका." मालक देवभोळे. चपला काढून दारातनंच हात जोडले. खोलीला कुलूप!

खोटं बोलले, तेबी देवीच्या नावानं. पण आज चार घास गेले.

२८ जानेवारी

सकाळी उठलं की आधी कुलूप ओढून बघते, मग चूल.

३० जानेवारी, शुक्रवार

मेले! परडीची गोष्ट मालकांच्या गावाला, मुरूमला पोचली. मालकांची आई गजराबाई उद्या येणार. मालक खुशीत — "आई म्हणती, देवी आपणहून आलीय, तर तिच्यापुढंच राहीन. पुनवेला तिथंच अंघोळ करून परडी भरीन."

पंच्याहत्तरीची म्हातारी. ओल्या अंगानं नळ धरणार. लोक आत येऊ नयेत म्हणून परडी मांडली, आन् त्या परडीनंच म्हातारीला बोलावलं!

"मालक, त्या नळाला करंट हाय वो."

"पुन्हा तेच? तू म्हणलीस त्याच दिवशी मी हात लावला, काय बी झालं न्हाय."

पायात चप्पल, हात कोरडा. झटका कसा बसंल?

३१ जानेवारी

आजी आल्या. माझे हात धरून म्हणल्या, "पोरी, तुझ्या पायगुणानं देवीआई घरात आली." रडूच फुटलं मला. सगळं सांगितलं, परडीचंसुद्धा. तर हसल्या — "तुझ्या हातनं आली म्हणून काय झालं? आईच्या दारात कसलं भ्या गं?"

मेन बटणाची पेटी कुलपात, चावी मालकांच्या खिशात. मागितली तर खेकसले. शेवटी वहीत लिहिलं: 'चार नंबर. नळाला करंट. परडी माझी. शिवांजली.' त्यांनी वही उघडलीच न्हाय.

उद्या सकाळी सहाला आजींची अंघोळ. आई, काय करू?

२ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं. उजवा उचलत न्हाय. काल आजींच्या आधी मीच न्हाणीत शिरले. मालक दारात होते. दाखवल्याशिवाय त्यांना पटणार नव्हतं. अनवाणी, ओल्या हातानं नळ धरला.

सुटेना. मालकांनी परडीखालचा पाट ओढून माझ्या हातावर मारला, तेव्हा सुटला.

आज वायरमननं भिंत फोडली. वहीत माझ्या ओळीखाली मालकांनी लिहिलंय, 'खरं आहे.' नाव घालून.