पाकळीच्या पोटातली लोकर

तीर्थरूप आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली लहान असली तरी उजेड भरपूर येतो. खोकलाही आता बराच कमी आहे.

तू डोळ्यांमुळे अर्धवट सोडलेला उशीचा अभ्रा मी परवा पुरा केला. फुगीर भरतकाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ही जुनी पाकळी बसकी झालीये. उसवून नव्याने भर." माझा हात धजेना. शेवटी टाके कापले, तर आत कापसाऐवजी निळी लोकर. माझ्या शाळेच्या स्वेटरची! तो आखूड झाला तरी कुणाला देऊ नकोस म्हणून मी किती रडले होते. तू मात्र "देऊन टाकला" म्हणालीस आणि गुपचूप फुलात भरलास.

बाईंनी कापूस पुढे केला. मी म्हटलं, "हीच लोकर पिंजून परत भरते." त्यांनी सुई ओवून दिली. पाकळी आता छान उठून दिसते.

तुझं ऑपरेशन कधी ठरलं? बाबा डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात ना? खरं काय ते कळव.

अभ्रा टपालाने पाठवत नाही, मीच घेऊन येईन. काल त्यावर डोकं ठेवून झोपले, तर सकाळी गालावर पाकळीचा ठसा उमटला होता.

तुझीच,
धाकटी