कॉम्प्युटर मी नेलाय

अहो,

टेबल रिकामं बघून घाबरू नका, चोरी झालेली नाही. कॉम्प्युटर शालीत गुंडाळून मी एसटीने दापोलीला माझ्या मैत्रिणीकडे, दर्शनाकडे नेतेय. नोकरीसाठी केलेलं काम आज दुपारी मुलाखतीत त्यावर चालवून दाखवायचं आहे.

माझे प्रोग्राम ज्यांत चालतात ते कॉम्प्युटरमधले कप्पे, म्हणजे सगळे कंटेनर, काल तुम्ही पुसलेत. का, तर जागा हवी होती आणि ते 'थांबलेले' दिसले. थांबलेले होते, मेलेले नव्हते! आपल्या मनूची कॉम्प्युटरवरची गाणी अडकू नयेत म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी मीच ते थांबवते. मुंबईहून चार दिवस येणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? पण विचारायचं तरी.

सकाळी सगळं नव्याने उभं केलं, तर सुरूच होईना. त्याला लागणारा पोर्ट, म्हणजे जोडणीचा दरवाजा, तुमच्या गेमने अडवून ठेवला होता. गेम काढून टाकला. मीही विचारलं नाही. आतली माहिती गेली ती गेलीच, पण तिची प्रत मी दर्शनाकडे ठेवली होती, म्हणून तर तिथे चाललेय.

मनूची पेज गॅसजवळ आहे, घोटून द्या. गाणी नाहीत म्हणून रडेल, तर तुम्ही म्हणा. अंग गरम लागलं तर लगेच फोन करा, मुलाखत चालू असली तरी उचलीन. आईंना सांगून निघालेय. त्या म्हणाल्या, "जा गो बाय, बापूस हाय ना घरात."

संध्याकाळच्या गाडीने येते. नोकरी मिळो न मिळो, कॉम्प्युटर त्याच टेबलावर बसेल, पण पासवर्ड नवा असेल. हवा असेल तर विचारा.

तेजल