बारा किलोमीटर चारशे मीटर

रविवार, ५ ऑक्टोबर

१. सकाळी ५.५० ला तिघं निघालो. मी, मोजणीकाका, बेकरीवाली. त्या दोघांच्या सायकलींना दोन दिवसांचं सामान. माझ्या सायकलीला पाण्याची बाटली.
२. ६.३५ ला पाण्याच्या टाकीपाशी, १२.४ कि.मी. वर, मी परत फिरले. नेहमीसारखी.
३. ते पुढे गेले. मार्ग १९० कि.मी. चा, मी आखलेला.
४. ७१ व्या कि.मी. ला ओढ्यावरचा छोटा पूल जागेवर नव्हता. काका उतारावरून थेट खाली.
५. काकांच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढचं चाक वाकलं. बेकरीवाली पाठोपाठ होती, ती वाचली.
६. मार्गाच्या फाइलवर मी लिहिलं होतं — 'स्वतः चालवून पाहिलेला'.
७. मी तो चालवलेला नाही.

सातवा मुद्दा या वहीशिवाय कोणालाच माहीत नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

झोप नीट नाही. तरी सातला हजर. डायलिसिसची नऊ यंत्रं, शिवाय त्यांना शुद्ध पाणी पुरवणारा संच — सगळं माझ्याकडे. तंत्रज्ञ एकच. म्हणून नियम — बोलावल्यापासून अर्ध्या तासात रुग्णालयात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. टाकीपर्यंत जाताना चढ आहे, ४५ मिनिटं लागतात. येताना उतार, २९. म्हणून टाकी. खोलीतल्या नकाशावर मी कंपासने वर्तुळ काढलंय. आठ महिन्यांत एकदाही त्याच्या बाहेर नाही!

रात्रपाळीच्या सिस्टर घरी निघाल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, यंत्रांना तू सांभाळतेस, तुला कोण सांभाळतं? मग नेहमीचंच — दुसरा माणूस मागून घे की, वरचे काय तुला खाणार आहेत? मी फिल्टर बदलायला आत गेले.

चार नंबरच्या खाटेवर टँकरवाले मामा. एक दिवसाआड चार तास. तीस वर्षं याच भागात टँकर चालवला. सहज विचारतेय असं दाखवत ओढ्यावरच्या पुलाचं काढलं.

"तो होय? दोन वर्षं झाली वाहून. मला विचारायचंस ना पोरी, मी काय कुठे पळून जातोय?"

खरंच. आठ महिने हा माणूस माझ्यापासून चार पावलांवर सुईला जोडलेला असतो. मी उपग्रहाची चित्रं मोठी करून करून बघत बसले. चित्र जुनं. त्यात पूल होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कामावरून सुटल्यावर काकांकडे. उजवा हात झोळीत. डाव्या हाताने चहा पिताना अर्धा बशीत, अर्धा सदऱ्यावर. काकू म्हणाल्या, निवृत्त झाल्यावर माणसं घरी बसतात, आमचे हे ओढ्यात जाऊन बसले.

बेकरीवाली आली होती. बोटांच्या पेरांत पीठ तसंच. काकूंसमोर माझं कौतुक चाललं होतं तिचं. हिच्यासारखा मार्ग कोणी आखत नाही, चढ किती, पाणी कुठे, सावली कुठे, सगळं लिहिलेलं असतं, आता पूलच पडला त्याला ही पोरगी काय करणार! डिसेंबरात चार दिवसांची फेरी काढायची, ३४० कि.मी., मार्ग हिनेच आखायचा, असंही ठरवून टाकलं तिने.

मी मान हलवली. काका बशी पुसत होते. एका हाताने बशी पुसायला बराच वेळ लागतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

खोटं का बोलले ते एकदा लिहून टाकते.

इथे आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. पाच महिने एकटीच. टाकीपर्यंत जाऊन यायचं, बस. मग सायकलच्या दुकानात कागद दिसला — लांब पल्ल्याला सोबती हवेत, स्वतः चालवलेले मार्ग घेऊन या. न चालवलेला मार्ग आणू नये, खाली रेघ मारून. माझ्याकडे अकरा मार्ग होते. सगळे कागदावरचे. बेकरीवालीने पहिला चाळला आणि विचारलं, चालवलायस ना? मी म्हटलं, हो, इथे आल्या आल्या, रुजू व्हायच्या आधी.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी दोन बॅगा घेऊन गाडीतून उतरले होते. सायकल दीड महिन्यांनी आली.

त्या एका 'हो'वर तीन महिने सोबत मिळाली. दर रविवारी ४५ मिनिटं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आईचा फोन. तिच्या मोबाइलवर माझा ठिपका दिसतो. म्हणाली, आठवडाभर खोली-रुग्णालय, रुग्णालय-खोली, किती गुणाचा ठिपका आहे गं माझा!

शनिवार, ११ ऑक्टोबर

काकांनी बोलावून घेतलं. एकटीला. काकू बाजारात गेलेल्या.

संगणकावर माझी फाइल उघडलेली. म्हणाले, अडतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. खरंच चालवलेल्या मार्गाच्या फाइलमध्ये जागोजागी वेळ नोंदलेली असते. माणूस पाणी प्यायला थांबतो, रस्ता चुकतो, चुकून कोणाच्या अंगणात शिरतो. तुझ्या फाइलमध्ये वेळ नाही, थांबणं नाही, चूक नाही. कचेरीत बसून काढलेली मोजणी मी लांबून ओळखतो.

मी विचारलं, कधी पाहिलंत.

"निघायच्या आदल्या दिवशी."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी फाइल बंद केली. मग सांगितलं. टाकीपाशी मी परत फिरते म्हणते, पण लगेच फिरत नाही. ते दोघं वळणाआड जाईपर्यंत उभी असते. ते त्यांनी आरशातून बघितलंय, प्रत्येक रविवारी. एवढा जीव लावून आखलेल्या रस्त्यावर एकदा कोणीतरी जाऊन यावं असं त्यांना वाटलं. फक्त उतार आला की ते पुढे व्हायचे. बेकरीवालीला मागे ठेवायचे.

म्हणजे ते चुकून पुढे नव्हते.

माफी मागितली, ती बारीक आवाजात, अर्जासारखी निघाली. त्यांनी हात हलवला. चुकीचा हलवला, कळ आली.

"माझं राहू दे. तिला तू सांगायचं. मी सांगणार नाही."

दारापर्यंत सोडायला आले. तिथे विचारलं, तुला टाकीपाशी नक्की कोणी बांधून ठेवलंय? मी म्हटलं, नियम आहे. कोणाचा? रुग्णालयाचा. बरं, म्हणाले. पण दार लावलं नाही. मीच जिना उतरले.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज फेरी नाही. पहाटेचे पाव भट्टीतून निघेपर्यंत थांबले आणि बेकरीच्या मागच्या दाराशी सांगितलं. काहीही न सजवता. फाइल, पूल, दोन बॅगा, सगळं.

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"मी त्यांच्या मागे दहा मीटरवर होते. मला दोन मुलं आहेत."

मी म्हटलं, हो.

"हो काय? कागदावरच्या एका ओढ्यात आम्ही पडायचं आणि तू टाकीवरून टाटा करायचा?"

मग भट्टीकडे वळून बराच वेळ पाव मोजत राहिली. मला जा म्हणाली नाही, म्हणून मी उभी राहिले. शेवटी पाठमोरीच बोलली. डिसेंबरची फेरी होणार, काका सायकलवर बसू शकले नाहीत तर गाडीतून येणार. मार्ग मी आखायचा असेल तर सगळ्यांत पुढचं चाक माझं. चारही दिवस, शेवटपर्यंत. जमणार नसेल तर माझं नाव खोडून टाकेल. महिनाअखेरीच्या आत सांग.

एक पाव कागदात गुंडाळून दिला. गरम होता. रागाने दिला होता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पाणी-संचाचा दाब दोनदा पडला. दोन्ही वेळा मी सात मिनिटांत पोचले. मी इतकी जवळ आहे की कोणाला काळजीच वाटत नाही.

खिडकीतून रुग्णालयाची मागची भिंत दिसते. पंपाची घरघर ऐकू येते. पंप बंद पडला तर मला जाग येते, चालू असला तर झोप लागते. हे असं माझं झालंय!

मामांकडून डिसेंबरचा रस्ता लिहून घेतला. चार तास बसल्या जागी त्यांनी मला सगळे पूल फिरवून आणले. कुठला शाबूत, कुठला नावापुरता. शेवटी म्हणाले, जाऊन आलीस की सांग हं, घाटातला तो वडाचा थांबा अजून आहे का. मी म्हटलं, सांगते.

सांगते म्हटलं. परत एक 'हो'.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सिस्टरांनी पुन्हा विचारलं, मागितलास का माणूस? मी पुन्हा फिल्टरकडे. त्या माझ्या मागे आत आल्या. दार लावलं. म्हणाल्या, काय गं, काय लपवतेस?

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज सकाळी अधीक्षकांच्या कार्यालयात पत्र दिलं. पोच घेतली. नक्कल —

'डायलिसिस विभागासाठी दुसरा तंत्रज्ञ नेमावा का, असे आपण मे महिन्यात लेखी विचारले होते. नेमणूक मंजूर होती. मी उत्तर दिले की गरज नाही, मी एकटी पुरेशी आहे. त्यावरून ती जागा रद्द झाली आणि अर्ध्या तासाचा नियम माझ्यासाठी कायम झाला. ते उत्तर खरे नव्हते. मदत लागते असे लिहिण्याची मला लाज वाटली होती. ते उत्तर मी मागे घेत आहे. जागा पुन्हा भरावी. ११ ते १४ डिसेंबर मी शहराबाहेर असेन. त्या चार दिवसांसाठी पर्यायी तंत्रज्ञाची व्यवस्था कशी होईल, ते शुक्रवार, २४ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे.'