खाडीच्या तळाचे आकडे

३ मार्च, सोमवार
आकडे बदललेत! आमच्या फाइलमध्ये शिरून कोणीतरी खाडीचा तळच हलवलाय.

जहाजांना वाट दाखवणारा पायलट सकाळी टेबलापाशी आला. "मॅडम, वळणावर माझ्या छापील नकाशात नऊ मीटर आहेत. तुमच्या कॉम्प्युटरात सहा. खरं काय धरू?" मी हसण्यावारी नेलं. वर्षभर या फाइलला कुलूप आहे. राखणीचं सॉफ्टवेअर रोज हिरवा दिवा दाखवतं — बदल नाही. आम्ही त्याला जमादार म्हणतो.

मग छापील नकाशा घेऊन एकेक आकडा ताडून पाहिला. सत्तेचाळीस वेगळे. जमादार हिरवागार. शनिवारी धान्याचं मोठं जहाज येतंय.

४ मार्च
सॉफ्टवेअरवाला दिवसभर बसला. बिघाड नाही म्हणे. "तो परक्यांना अडवतो. घरच्या यंत्राने बदल केला की मुकाट्याने बदललेली फाइलच मूळ प्रत धरतो."

घरची यंत्रं कोणती, हे मीच ठरवलं होतं. जमादार बसवायच्या दिवशी त्याची धोक्याची घंटा सारखी वाजत होती. वैतागून मी जुन्या यादीतल्या, तळ मोजणाऱ्या पाचही लाँचच्या कॉम्प्युटरवर 'घरचा' अशी खूण केली. लाँच आता चारच आहेत! पाचवी तीन वर्षांपूर्वी मोडीत निघाली आणि अप्पांनी घेतली, आतल्या कॉम्प्युटरसकट. अप्पा म्हणजे माझे वडील. याच ऑफिसात छत्तीस वर्षं त्यांनी तळ मोजला.

कोणाला सांगितलं नाही.

५ मार्च
साहेब पोलिसात तक्रार देणार. तोवर जुनी फाइल परत चढवायची, जहाज जुन्याच आकड्यांवर आणायचं.

संध्याकाळी माहेरी गेले. अप्पा व्हरांड्यात दोर गुंडाळत बसले होते. विचारलं तर काहीच लपवलं नाही. "वाळू सरकलीय. साहेबांना दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. म्हटलं, आपणच दुरुस्त करावं."

"अप्पा, तुरुंगात जाल."

"जहाज रुतण्यापेक्षा बरं."

आई म्हणाली, "आधी जेवून घे."

६ मार्च
पायलटला सोबत घेऊन ऑफिसच्या लाँचने वळणावर गेले. अप्पांचा आकडा सहा पूर्णांक दोन. लाँचवरचं खोली मोजणारं यंत्र म्हणालं, सहा पूर्णांक दोन. पुढे पाच पूर्णांक आठ — यंत्रही तेच. बारा ठिकाणी मोजलं. शेवटच्या ठिकाणी तेवढा बोटभर फरक.

मी थक्क झाले. एक शिसं बांधलेला दोर आणि भरती-ओहोटीचा हिशेब डोक्यात — बस्स!

पाणी वरून तेच, शांत. खाली अख्खं मैदान सरकत आलंय. आमचा जमादार फाइलवर पहारा देतो, आणि ही खाडी दर भरतीला थोडी थोडी बदलतेय, कोणाला न विचारता. पायलटने आपल्या छापील नकाशावरचा नऊचा आकडा खोडला.

७ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. खूण माझी, आकडे वडिलांचे. साहेबांचा पारा चढला. पायलटने मध्येच तोंड घातलं, "नऊ मीटर समजून आणलं असतं ना साहेब, तर जहाज वळणावरच बसलं असतं." मग साहेबांनी शोधाशोध केली. कपाटातून ती दोन पत्रं निघाली. फोडलेलीसुद्धा नव्हती.

नवे आकडे राहणार. तक्रार नाही, पण अप्पांचा लेखी जबाब हवा. मला मेमो. तो मिळायलाच हवा होता.

८ मार्च
जहाज सुखरूप आत आलं. अप्पांच्या आकड्यांवरून, लांबचा वळसा घेऊन. धक्क्यावर उभी राहून रडले.

१० मार्च
अप्पा आईसोबत ऑफिसात आले. मी जबाबाचा कागद समोर ठेवला, पेन दिलं. पेन तसंच हवेत राहिलं. आईने त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. "इथं."

दोन वर्षं झाली म्हणे, त्यांना दिसतच नाही. मी दर रविवारी जाते, आणि मला कळलं नाही.

अप्पांची सही झाल्यावर आईने पेन स्वतःकडे घेतलं. अप्पा दोर चाचपून खोली सांगतात, लाँच ती चालवते. आकडेही तिनेच टाकलेत.