पाणक्याची चाल

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
मंगळवार, ता. १२ फेब्रुवारी १९७४

ती. आईस,
सुगंधाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळी बरी आहोत, तुमची खुशाली कळवा. आमसुलं आणि कुळथाचं पीठ रामूच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं घरपोच आणून दिलं. पिशवी एका बाजूनं उसवली होती, पण सांडलं काही नाही. तुझं पत्र त्याआधीच मिळालं होतं. अक्षर वहिनींचं, म्हणजे हेही त्याच तुला वाचून दाखवत असणार. वहिनी, तुम्हाला नमस्कार. जे लिहिलंय ते सगळं वाचा, मधलं काही गाळू नका. आईला ऐकायला कमी येतं, तेव्हा मोठ्यानं वाचा.

आई, तू विचारलंयस की गुडघे आता चालू देत नाहीत, रामूच्या घराला पायऱ्या फार, वहिनींच्या मागे कामं फार, तर शिमगा झाला की कायमची माझ्याकडे येऊ का. उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी दुसरं सांगायचं आहे.

आज मंगळवार आहे आणि मी दुपारी पोटभर जेवून हे लिहायला बसलेय. सुकटीची चटणी केली होती. असो.

महिन्यापूर्वी गोडदेवचे काळूराम आमच्या खोलीवर आले होते. त्यांची इथं जुनी मिठागरं आणि भातशेती. त्यांचे वडील दरवर्षी जत्रेला बाबांची तमाशाची पार्टी बोलवायचे, तुला आठवत असतील. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली, पण इथली माणसं अजून त्यांची वाक्यं बोलतात, मीठ ओढणाऱ्या बायकासुद्धा. ह्या लोकांनी ‘राघो शिगवण रसिक मंडळ’ काढलंय आणि शनिवार-रविवार असा बाबांच्या नावाचा सोहळा ठरवला होता. काळूराम म्हणाले, “ताई, राघोबांची लेक आपल्या गावात ऱ्हाते नि आमाला ठावं न्हाय. तुमी आल्याच पायजे.” भांड्यांच्या कारखान्यात पेले पुसणारी बाई मी, मला कुणी कधी कशाला बोलावलंय? मी दुधाचा चहा केला आणि लग्नातलं पातळ ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं.

शनिवारी खरंच मजा आली. कापणी झालेल्या शेतात मांडव, बाबांचे मोठाले फोटो, त्यांचा तांबडा रुमाल काचेच्या पेटीत. कुणी त्यांच्या आवाजात बोलत होतं, कुणी त्यांची लावणीची नक्कल करत होतं. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हे माझ्या शेजारी ताठ बसले होते, जसं काही जावई म्हणून त्यांचाच सत्कार होता.

रविवारी सकाळी पाणक्याच्या चालीची स्पर्धा होती. वहिनी, तुम्ही बाबांचं ते काम पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. राजाला तहान लागते. राजा ओरडतो, पाणी आण. ढोलकीवर एक ठेका सुरू होतो आणि पाणक्या काठोकाठ भरलेला पेला घेऊन निघतो, एक पाय ओढत, कमरेतून हिसका देत, खांदा पाडत. राजापर्यंत पोचतो तोवर पेला रिकामा. राजा पुन्हा ओरडतो. असं तीनदा. बाकी त्यात काही नाही. तेवढ्यावर माणसं पोट धरून लोळायची, आणि तेवढ्यावर आमचं घर चाललं.

तर मैदानात शाळेतली पोरं, कॉलेजातली पोरं, कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ, सगळे स्टीलचे पेले घेऊन लंगडत होते. परीक्षक मी. म्हणजे मैदानभर खोटे लंगडे आणि त्यांना गुण देणारी खुर्चीतली एक खरी लंगडी. मला वाईट वाटलं नाही, आई. मी मनापासून हसले. शेठना तर मीच ओरडून सांगितलं, खांदा अजून पाडा. वाईट का वाटावं? मला माहीत होतं ते एवढंच, की बाबांची चाल आधीची आणि माझा पाय नंतरचा.

वहिनी, माझे मंगळवार कशासाठी होते ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी दीड वर्षाची असताना तापात माझा पाय गेला. मला कळायला लागल्यापासून आईनं सांगितलं की तुझ्या बाबांनी लोकांपुढे लंगड्याचं सोंग घेतलं, देवी कोपली आणि ते तुझ्या पायावर आलं. बाबांच्या वाटणीची क्षमा मागायला मी लहानपणापासून मंगळवार धरले. कडक. पाण्याचा घोटसुद्धा दिवे लागल्यावर. लग्नातही धरला, बाळंतपणातही धरला. बाबांवर मात्र मी कधी रागावले नाही. त्यांना काय ठाऊक असं होईल, म्हणायचे.

उलट बाबा जेवढे माझे होते तेवढे कुणाचेच नव्हते, रामूचेसुद्धा नाहीत. त्यांना पाणी फक्त माझ्या हातचं लागायचं. लालबागच्या खोलीत त्यांची पार्टीतली माणसं जमली की हाक यायची, सुगंधे, पाणी आण. मी आणायचे. बाबा घोटभर प्यायचे, पेला परत द्यायचे, आणि जरा वेळानं पुन्हा हाक. सगळी माणसं बोलायची थांबून माझ्याकडे बघत असायची. चाळीतल्या पोरींना मी मिरवून सांगायचे, आमचे बाबा दुसऱ्या कुणाच्या हातचं पितच नाहीत.

रविवारी संध्याकाळी भाषणं झाली. बाबांचे ढोलकीवाले सदू मास्तर काशीगावात लेकीकडे असतात, दिसतं कमी, पण हात अजून चालतो. त्यांना हाताला धरून आणलं. ते रडत रडत बोलले, प्रेमानं बोलले, कुणाला दुखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

“लोक मला विचारतात, राघोनं ही चाल आणली कुठून? अरे, घरातून आणली. पोरीला हाक मारायचा, सुगंधे, पाणी आण. आम्ही सगळे बसायचो बघत. तहान कुणालाच नसायची. पोरीची आई, आमच्या वहिनी बिचाऱ्या, पेला अर्धाच भरून द्यायच्या, तर राघो ओरडायचा, काठोकाठ भर, पाणी सांडल्याबिगर चाल दिसत नाय. अख्खा पावसाळा पोर पाणी आणत होती, तेव्हा कुठं दिवाळीला पाणक्या उभा राहिला. ह्याला म्हणतात कलावंत!”

टाळ्या किती पडल्या ते विचारू नकोस. पाच वर्षांची पोर आणि तिचा बाप यांची गोष्ट ऐकून बायका डोळे पुसत होत्या.

मग काळूराम उठले. बाबांचा हार घातलेला फोटो राजाच्या खुर्चीवर ठेवलेलाच होता. एक पेला भरून ते माझ्यापाशी आले, त्यांचेही डोळे भरलेले. म्हणाले, “ताई, येकदाच. बाबांना पाणी द्या.”

मी का उठले? दोन दिवस तेच विचारतेय स्वतःला. हाक आली की उठायचं, एवढंच बहुतेक माझ्या पायाला माहीत. मी मांडवाच्या मागून निघाले. सुरुवातीला सगळे शांत होते, कुणीकुणी हातही जोडले. मग सदू मास्तरांनी ढोलकी ओढून घेतली आणि तो ठेका धरला. तो ठेका ऐकून हसायची ह्या गावाला सवय आहे. आधी पोरं हसली, मग बायका, मग सगळा मांडव. खुर्चीपाशी पोचले तेव्हा पेल्यात अर्ध्याहून कमी पाणी होतं. वन्समोर आला. काळूरामांनी पेला पुन्हा भरला. मी परत मागे गेले आणि परत चालत आले, आई. माझं पातळ भिजलं होतं. पहिल्या रांगेत हे बसले होते. तोंडावर हात धरून, खांदे हलत होते.

राजा तीनदा पाणी मागतो, म्हणून तिसऱ्यांदाही. पण तिसऱ्यांदा मी पेला फोटोपुढे ठेवला नाही. तिथंच उभी राहून उरलेलं पाणी मी प्यायले आणि पेला बाबांसमोर पालथा केला. मला वाटलं, आता तरी कळेल. लोकांना वाटलं, ताईंनी शेवट बसवून आणलाय. एवढं हसू बाबांनाही कधी मिळालं नसेल. शाल मिळाली, नारळ मिळाला. काळूरामांनी माइकवर जाहीर केलं की यापुढे दरवर्षी सोहळ्याचा शेवट ताईंच्या हातच्या पाण्यानंच होईल.

घरी आल्यावर हे म्हणाले, “ढोलकी वाजली की येतंच गं हसू, मी काय मुद्दाम हसलो?” खरं असेल. त्यांच्याशी अजून बोललेली नाही, पण त्यांचा राग नाही मला. त्यांना काही माहीत नव्हतं.

तुला होतं.

पेला तू भरायचीस. अर्धा भरायचीस, म्हणून सदू मास्तर तुला बिचारी म्हणाले. मला तसं नाही वाटत. अर्धा भरायचीस म्हणजे काय चाललंय ते तुला कळत होतं. आणि बाबा ओरडले की काठोकाठ भरून माझ्याच हातात द्यायचीस. “जा, बाबांना तहान लागलीय,” हे तूच म्हणायचीस, ते नाही. पाणक्या चालला, पैसा आला, तुझ्या हातात पाटल्या आल्या. तेवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं, गरिबी होती असं म्हणून मी गप्प बसले असते. पण चाल आधीची आणि पाय नंतरचा हे उलटं तू रचलंस. त्यांनी माझा पाय चोरला, आणि त्या चोरीची क्षमा तू मला उपाशी ठेवून माझ्याकडूनच मागवलीस. मंगळवारी मला भोवळ यायची तेव्हा तू मला मांडीवर घ्यायचीस आणि म्हणायचीस, गुणाची गं माझी.

वहिनी, आईच्या तोंडाकडे बघू नका. वाचा.

बाबा गेले त्या दिवशीसुद्धा म्हणाले होते, सुगंधे, पाणी आण. मी धावत आणलं. चमच्यानं पाजलं. लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेला, भाग्यवान, असं तू सगळ्या चाळीला सांगितलंस. माझ्यापाशी बाबांचं म्हणून तेवढंच होतं. आता तेही राहिलं नाही. त्या दिवशी तरी त्यांना तहान होती की नुसतंच बघायचं होतं, हे मी कुणाला विचारू?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ये. शिमगा झाला की रामूला तुला आणून सोडायला सांग. मी टाकणार नाही तुला. खिडकीपाशी खाट आहे, ती तुला देईन. दोन वेळा गरम जेवण देईन, गुडघ्यांना तेल लावीन, औषधाचंही बघीन. फक्त पाणी आणून देणार नाही. माझ्या घरात ज्याला तहान त्यानं उठायचं. माठ दाराशी आहे, खाटेपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पेला काठोकाठ भरायचा आणि खाटेवर येऊन प्यायचा. मी कारखान्यातून आले की समोर बसून बघेन, मला तेवढीच करमणूक. माझा एकच पाय गेलाय, तुझे दोन्ही गुडघे गेलेत. चाल तुला माझ्याहून चांगली जमेल.

वहिनी, एवढं शेवटचं आईला पुन्हा एकदा वाचून दाखवा. वन्समोर आला की ती पदर तोंडाला लावून हसायची. मी विंगेतून पाहिलंय.

तू भरलेला पेला नेणारी,
सुगंधा