कोरड्या साली घसरलेली माणसं

बीड,
३ एप्रिल १९८७

ती. सिंधुअक्कास,
शहादेवचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टँकरवर पाण्याला जायची धास्ती वाटते म्हणतेस, वाचून हसू आलं. अगं, जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा तक्ता इथं पोलीस कचेरीत मीच करतो. तुमच्या ठाण्यात गेल्या वर्षी मारहाणीचे सोळा गुन्हे होते, यंदा मार्चअखेर एकही नाही. साहेबांनी ठाण्याला शाबासकीचं पत्र धाडलं, सोबत माझा तक्ता जोडला. पारावरच्या गप्पा ऐकून माणसं उगाच भितात. तू तर लहानपणी बुजगावण्यालाही भ्यायचीस! बिनघोर जात जा. आश्रुबा दाजींना जयभीम.

लोभ आहेच, तो या उन्हात आटू देऊ नकोस.
तुझा,
शहादेव

सावळेवस्ती,
१६ एप्रिल

चि. शहादेव यास अक्काचा आशीर्वाद आणि जयभीम.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला. मन पार विटलंय.

तुझ्या भरवशावर बिनघोर गेले. दूध सोसायटीच्या चेअरमनच्या पिंपाआधी घागर लावली, तर त्याच्या माणसांनी लाथेनं उडवली. तुझे दाजी मधे पडले, त्यांना लोखंडी गजानं हाणलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

ठाण्यात गेलो. हवालदार म्हणे, दुष्काळात भांडणं व्हायचीच, गुन्हा लिहायचा काहून? भिंतीवर तुझा तक्ता डकवलेला. अक्षर ओळखलं आणि मी खुळी अभिमानानं सांगून बसले की हे माझ्या भावाचं. तो लगेच मवाळ झाला. म्हणे, मग भावाचा तक्ता काहून नासवता, बाई? मीच दाजींना अंगठा करायला लावला. कागदावर लिहिलं होतं, पाय घसरून पडला.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पाण्याला मी एकटीच जाते आणि ती माणसं मला बघून हसतात. तुझ्या त्या शून्याची लई किळस येते बघ, आणि माझीही.

माया तुटत नाही, म्हणून तर लिहिलं.
अक्का

बीड,
२९ एप्रिल

ती. अक्कास जयभीम.

सप्रेम लिहायला हात धजत नाही.

तुमच्या ठाण्याचे वर्षभराचे कागद मागवून पाहिले. एकेचाळीस माणसं पाय घसरून पडलीत. प्यायला पाणी नाही अशा साली, अक्का! मी आजवर फक्त आकडे मागवत होतो, कागद कधी उघडले नाहीत.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, शाबासकी दिलेल्या ठाण्याचं हसं होईल. मी या महिन्याच्या तक्त्यात मारहाणीखाली दाजींचा एक गुन्हा लिहिला. तक्ता पुन्हा करायला सांगितला, मी पुन्हा एकच लिहिला. उद्यापासून माझं टेबल दुसऱ्याकडे.

सोमवारी येतो. दाजींना घेऊन थेट कोर्टात तक्रार घालू. त्यांना सांग, तो अंगठा तू नाही, मी लावायला लावला.

माया उरली असेल तेवढी पुरे.
शहादेव

ता. क. तोवर टँकरवर एकटी जाऊ नकोस.